सात अर्थांचा निरोप

माझी पहिली अठरा पानं उंदरानं खाल्ली आहेत. त्यामुळे मी कोणत्या साली छापला गेलो हे मला नक्की सांगता येत नाही. मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, मित्रांनो. ‘ए’ या अक्षराचे निम्मे शब्द माझ्यापाशी नाहीत. बाकीचे आहेत, आणि त्यातल्या एका शब्दानं एका घराचं काय केलं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. दोऱ्यानं शिवून, खळ लावून, वर लाल कापडाची पाठ चिकटवून मला तयार केलं. तिथून मी एसटीच्या टपावर बसून भूम तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात आलो. तिथं इंग्रजी शिकवायला वैजनाथ सर नुकतेच लागले होते. त्यांनी मला खाकी कव्हर घातलं आणि वर सुवाच्य अक्षरात माझं नाव लिहिलं. रोज पहिल्या तासाला एक मूल पुढं येई, डोळे मिटून माझं एक पान उघडी आणि ज्या शब्दावर बोट पडेल तो शब्द त्या दिवशीचा. मुलांची ही ओढ पाहून तपासणीला आलेल्या साहेबांनी मला हातात घेऊन कौतुक केलं होतं. माझी पाठ तेव्हा ताठ होती.

सर शब्दांचं मूळ शोधत. सुट्टीत ते सोलापूरच्या वाचनालयात जात, तिथल्या जाडजूड ग्रंथांतून टिपणं काढत आणि ती पेन्सिलीनं माझ्या समासात उतरवत. एके दिवशी एका मुलीचं बोट ‘लीव्ह’ या शब्दावर पडलं.

“सर, लीव्ह म्हणजे रजा!” सगळा वर्ग ओरडला, कारण रजा सगळ्यांच्या आवडीची.

“ती लीव्ह निराळी,” सर म्हणाले. “तोंडावळा सारखा, घराणं वेगळं. रजेची लीव्ह म्हणजे परवानगी. तिचं मूळ आपल्या लोभाशी जुळतं. लोभ असेल तोच परवानगी देणार, न्हाय का? पण हे क्रियापद वेगळं. ह्याचा अर्थ सोडणं, निघून जाणं. आणि ह्याचं मूळ सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. जाणकार म्हणतात, हे क्रियापद आपल्या ‘लिंपणे’चं नातेवाईक आहे.”

मुलं हसली. लिंपणं म्हणजे भिंतीला माती चिकटवणं. चिकटवण्याचा आणि सोडून जाण्याचा काय संबंध?

सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं ते मला अजून आठवतं. फार पूर्वी या शब्दाचा अर्थ जाणं असा नव्हताच. मागं राहू देणं, असा होता. जे चिकटलेलं असतं ते राहतं. जगणं या अर्थाचा ‘लिव्ह’ हा शब्दसुद्धा त्याच मुळाचा, कारण जगणं म्हणजेही राहणं. माणूस निघतो तेव्हा काहीतरी मागं राहू देतो. बोलता बोलता लोकांचं लक्ष मागं राहिलेल्यावरून उठून जाणाऱ्यावर गेलं, आणि शब्दाचा अर्थच फिरला.

मग मोबाइल आले. शब्द विचारायला माझ्याकडं कुणी येईना. मला कपाटात ठेवलं गेलं, कपाटाला कुलूप लागलं, किल्ली हरवली. कसर लागली, उंदीर आला, ते मी मघाशी सांगितलंच. सर निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळ झाल्यावर त्यांनी मला मागून घेतलं. मुख्याध्यापकांना कपाट रिकामं हवंच होतं.

मी सरांच्या घरी आलो. काही वर्षं फडताळात पडून होतो. आता जे सांगणार आहे ते गेल्या हिवाळ्यातलं आहे.

गावाच्या टोकाला रामलिंग आणि सखूबाई यांचं घर. मेंढरं राखणारी माणसं, जोडीला थोडी कोरडवाहू जमीन. मुलगा कुमार, आणि दहावीत शिकणारी मुलगी समृद्धी. कुमारनं आयटीआय केलं आणि माळावरच्या पवनचक्क्यांवर तो दुरुस्तीच्या कामाला लागला. ठेकेदारानं त्याला पुढं तमिळनाडूतल्या पवनचक्क्यांवर पाठवलं. कमरेला पट्टा बांधून उंच खांबात चढायचं, असं ते काम. दर रविवारी त्याचा फोन येई. सखूबाई फोन कानाला लावून फक्त दोन गोष्टी विचारत. जेवलास का, आणि पट्टा बांधतोस का.

एका शुक्रवारी दुपारी समृद्धी धापा टाकत सरांच्या दारात आली. तिच्या हातात वडिलांचा फोन होता. त्यावर कुमारच्या तिकडच्या सुपरवायझरचा इंग्रजीत निरोप आला होता. “कुमार लेफ्ट अस ऑन ट्यूसडे. व्हेरी सॉरी. हिज बॅग इज हिअर.”

“सर, म्या आईला वाचून दाखवलं,” ती म्हणाली. “म्या म्हणलं, कुमारदादा मंगळवारी सोडून गेला, लई वाईट वाटतंय, त्याची बॅग हितंच हाय. मला तेवढंच आलं. पुस्तकात तेवढाच अर्थ हाय, सर.”

सरांनी निरोप वाचला. मग त्यांनी मला फडताळातून काढलं, झटकलं आणि काखेत मारलं. ‘लेफ्ट’ म्हणजे त्याच ‘लीव्ह’चा भूतकाळ, शब्द त्यांना पाठ होता. मला कशाला घेतलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरी रामलिंग अंगणात उभे होते. फोन घेऊन त्यांनी वीस वेळा तरी कुमारचा नंबर लावला. बंद. सुपरवायझरचा नंबर लावला. तमिळमध्ये एक बाई काहीतरी बोले आणि फोन तुटे. सखूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारच्या द्वारकाबाई त्यांच्या पाठीवर हात फिरवत होत्या, आणि गल्लीतल्या आणखी दोघीतिघी पदर तोंडाला लावून दारात आल्या होत्या.

सरांनी मला उंबऱ्यावर ठेवून उघडलं.

“थांबा, कुणी रडू नका,” ते म्हणाले. “ह्या शब्दाला सात अर्थ आहेत. निघून जाणं, हा पहिला. नोकरी सोडणं, हा दुसरा. मागं ठेवणं, विसरून राहणं...”

“आन् सातवा?” रामलिंगनी विचारलं.

सरांनी सातवा वाचला नाही. पण समृद्धी शेजारी उभी होती आणि तिला मराठी वाचता येत होतं. मृत्यूनं मागे ठेवून जाणे, असं तिथं छापलेलं आहे.

“नोकरी सोडली असंल तर ‘लई वाईट वाटतं’ कशाला लिहील?” रामलिंग म्हणाले. “आन् बॅग टाकून कोण जातं, गुरुजी?”

मित्रांनो, मी शब्दकोश आहे. त्या दिवशी सातही अर्थ माझ्यापाशी होते, एकाखाली एक, नीट क्रमांक घातलेले. त्यातला कोणता खरा, ते मला ठाऊक नव्हतं. एवढी लाज मला कपाटात पडून राहिल्याचीही वाटली नव्हती.

सरांनी सुपरवायझरला निरोप लिहायला घेतला. दोनदा लिहून पुसला. शेवटी त्यांनी पाठवला तो असा, की कुमार कुठे गेला ते कृपया कळवावे. जिवंत आहे का, हे विचारायला त्यांचं बोट धजलं नाही. निरोपाखाली एकच खूण उमटली आणि ती एकच राहिली, म्हणजे तो पलीकडं पोचलाच नाही. ठेकेदाराच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, साइटवर फोन लागत नाही, शनिवार-रविवार बंद, सोमवारी बघून सांगतो.

रामलिंग थांबले नाहीत. अणदूरचे त्यांचे मेव्हणे हणमंतप्पा यांना कानडी येत होती. कानडी येते म्हणजे तमिळही निभावेल, असं सगळे धरून चालले. शनिवारी सकाळी दोघं सोलापूरला गाडीत बसले. सोमवार दुपारपर्यंत पोचणार होते.

सर घरी गेले ते मला उंबऱ्यावरच विसरून. समृद्धीनं मला उचलून खिडकीत ठेवलं. म्हणून पुढचे तीन दिवस मी पाहिले.

सखूबाई रडल्या नाहीत. द्वारकाबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या, दुखवट्याच्या घरी आणतात तशी झाकून. सखूबाईंनी त्या टोपलीकडं पाहिलं.

“ही कशापायी आनली?”

“चूल पेटली न्हाय म्हणून, बाई.”

“पेटवू का नको, तेच कळंना,” सखूबाई म्हणाल्या. “पेटवली आन् तसंच असलं तर? न्हाय पेटवली आन् तसं नसलं तर?”

“रडून घे सखू. मोकळी हो.”

“कशावर रडू? एका इंग्रजी शब्दावर?”

द्वारकाबाई टोपली ठेवून बसून राहिल्या. संध्याकाळी समृद्धीनं त्यातली अर्धी भाकरी खाल्ली. सखूबाई नुसतं पाणी प्यायल्या. मेंढरं परत आली, त्यांनी ती मोजून वाडग्यात, काट्याच्या कुंपणाआड, घातली. कोकरं आयांना लावली. सगळं त्यांच्या हातांनी नेहमीसारखं झालं, पण त्यांचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. द्वारकाबाईंकडून आलेल्या चहाच्या गरम भगोण्याला बोट लागलं तरी त्यांनी ते झटकन काढलं नाही. समृद्धी ओरडली तेव्हा काढलं.

रविवार उजाडला. रविवार म्हणजे कुमारच्या फोनचा वार. घरातला फोन रामलिंग घेऊन गेले होते, तरी सखूबाई ठरल्या वेळी फोन ठेवायच्या कोनाड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग बाहेर गेल्या आणि कोकरांच्या छपराची कुडाची भिंत लिंपायला घेतली. माती भिजवली, शेण घातलं, भुसा घातला, पायांनी तुडवली. भिंत काही फार वाईट झालेली नव्हती.

सर आले ते मला न्यायच्या निमित्तानं. खरं म्हणजे त्यांना घरी बसवत नव्हतं. ते छपरापाशी दगडावर बसले. समृद्धी मला मांडीवर घेऊन दारात बसली होती.

“सखूबाई,” सर अखेर म्हणाले, “तो जो शब्द आहे ना, तो तुम्ही आत्ता हातानं करताय त्याचाच भाऊबंद आहे. लिंपण्याचा.”

हे काय बोलून गेलो, असं त्यांना लगेच वाटलं असावं. त्यांनी मान खाली घातली. पण सखूबाईंचा हात थांबला.

“चिकटवायचा शब्द आन् सोडून जायचा शब्द एकच? असं कसं?”

“आधी त्याचा अर्थ मागं राहू देणं असा होता. जाणं मागनं आलं.”

सखूबाईंनी भिंतीवर मातीचा गोळा थापला आणि तळव्यानं पसरवला.

“बरोबर हाय की मग,” त्या म्हणाल्या. “जानारा जातो. लागतं ते मागल्यालाच.”

“तुम्हाला राग आला असेल तर...”

“राग न्हाय, गुरुजी. काईच न्हाय. दोन दिस झालं, माझ्या जिवाला कसलंच काई लागंना. हे हात बी माझं न्हाईत असं वाटतंय.” त्यांनी समृद्धीला हाक मारली. “कुठं हाय तो शब्द? दाव मला.”

समृद्धीनं मला उघडून पुढं धरलं. सखूबाईंना वाचता येत नव्हतं. मुलीनं दाखवलेल्या जागी त्यांनी मातीचं बोट ठेवलं.

“एवढासा हाय,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा लिंपायला लागल्या.

समृद्धी मात्र तिथंच बसून रडली. “म्या नसतं वाचलं तर बरं झालं असतं, सर. म्या ‘सोडून गेला’ म्हणलं म्हणून आईचं असं झालं.” सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तू बरोबरच वाचलंस, बाळ,” ते म्हणाले. “मी पण तेच वाचलं असतं.”

सोमवारी दुपारी, चारच्या सुमाराला, रस्त्यावरून एक माणूस चालत आला. अंगात ग्रीस लागलेला शर्ट, हात मोकळे, दाढी वाढलेली. छपरापाशी येऊन तो म्हणाला, “आये.”

कुमार होता.

सखूबाईंनी वळून पाहिलं. मला वाटलं, आता त्या धावतील, किंचाळतील, कोसळतील. त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“पाय धू,” त्या म्हणाल्या. “भाकरी करते.”

आणि हात धुऊन त्या आत गेल्या, चूल पेटवली.

समृद्धीनं भावाच्या गळ्यात पडून जो आकांत केला, त्यानं गल्ली गोळा झाली. सर चप्पल न घालता पळत आले. हकिकत अशी होती. कुमारच्या कमरेच्या पट्ट्याचा दोर झिजला होता. नवा द्या, नाहीतर चढत नाही, असं तो म्हणाला. सुपरवायझर म्हणाला, आजचा दिवस चढ. शब्दानं शब्द वाढला आणि कुमार मंगळवारी भर दुपारी तसाच फाटकाबाहेर पडला. बॅग खोलीवर, फोन बॅगेत. राग इतका, की मागं फिरून न्यावी असं त्याला वाटलं नाही. घरचा एकही नंबर तोंडपाठ नाही. खिशात जेमतेम होतं. मालाच्या गाड्यांवर, माल चढवायला-उतरवायला हात लावत, मजल दरमजल करत तो सोलापूरपर्यंत आला आणि तिथून एसटीनं गावात.

“रविवारी फोन करायचा तो चुकला एवढंच वाटलं मला,” तो म्हणाला. “तुमी असं काही समजला असाल हे डोक्यात बी आलं न्हाय.”

संध्याकाळी सरांच्या फोनवर रामलिंग बोलले. ते साइटवर पोचले होते. सुपरवायझर निरोप पाठवून त्याच दिवशी रजेवर आपल्या गावी गेला होता, फोन लागत नव्हता तो त्यामुळं. चांगला कामगार आपल्यामुळं गेला म्हणून त्यानं मनापासून सॉरी लिहिलं होतं. दुसऱ्या कामगारांनी हातवारे करून रामलिंगना सांगितलं, की पोरगा चालत गेला, आपल्या पायांनी. सरांनी फोन कुमारच्या हातात दिला. “मी हाय,” कुमार म्हणाला. मग रामलिंग म्हणाले, “बरं. मग बॅग तेवढी घिऊन येतो.”

मित्रांनो, गोष्ट इथं संपायला हवी होती. मुलगा परत आला, चूल पेटली. पण तसं झालं नाही.

रामलिंग आले, देवाला नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले. सखूबाईंनी पेढा तोंडात घातला. नंतर समृद्धीनं विचारलं, गोड होता का? त्या म्हणाल्या, होता असंल. कुमार समोर जेवायला बसे आणि त्या त्याच्याकडं परक्या घरच्या पाहुण्याकडं पाहावं तशा पाहत. वाढण्यात कमी नाही, बोलण्यात कडू नाही. नुसतं काहीच नाही.

सरांनी मला समृद्धीच्या अभ्यासाला म्हणून त्या घरीच राहू दिलं होतं. एकदा ते आले तेव्हा सखूबाई हळूच म्हणाल्या, “गुरुजी, पोरगं समोर बसून जेवतंय आन् मला आनंद होईना. त्या चार दिवसांत म्या त्याला एकदा मनातनं खाली ठिवलं. आता परत उचलाया जाते तर हातालाच लागंना. ह्याला काय म्हनत्यात?”

सरांनी सवयीनं माझ्याकडं पाहिलं. पण त्यांनी मला उघडलं नाही. “माहीत नाही, सखूबाई,” ते म्हणाले.

असे वीस-बावीस दिवस गेले. एका बाजारच्या दिवशी कुमार भूमला गेला. जाताना म्हणाला, “पहिल्या गाडीनं येतो.” पहिली गाडी आली, कुमार आला नाही. दुसरीही आली. सखूबाई भाकरी थापत होत्या. तिसऱ्या गाडीनं कुमार उतरला आणि दारात येऊन म्हणाला, “मित्र भेटला, चहा प्यालो, उशीर झाला.”

सखूबाई उठल्या. पिठाच्या हातानं त्यांनी त्याच्या गालात अशी लगावली, की आवाज वाडग्यापर्यंत गेला.

“सांगून जाया तोंड न्हाय तुला?” त्या ओरडल्या. “पहिल्या गाडीनं येतो म्हणला हुतास न्हवं? मी हितं काय समजायचं? सांग! काय समजायचं मी?”

पुन्हा मारायला हात उचलला तो त्यांनी त्याच्या शर्टाला धरला, आणि त्याच्या छातीवर कपाळ आपटून त्या रडायला लागल्या. इतक्या दिवसांचं सगळं. कुमार हलला नाही. त्याच्या गालावर पाच बोटांचं पीठ होतं. रामलिंग आवरायला पुढं झाले तर द्वारकाबाईंनी दारातूनच हात केला. “ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “आत्ता आलं पोरगं तिचं.”

तव्यावरची भाकरी करपली. ती त्या दिवशी सगळ्यांनी वाटून खाल्ली.

कुमार आता शेजारच्या वाशी तालुक्यातल्या पवनचक्क्यांवर कामाला आहे. नवा दोर आहे की नाही, हे रामलिंग स्वतः जाऊन पाहून आले.

मित्रांनो, माझी पाठ उसवली आहे. मला उघडताना दोन्ही हातांनी उघडा, पान मुडपू नका, मला ओलीत ठेवू नका. कुलूप लावलंत तर किल्ली सांभाळा. पण माझ्यापेक्षा जास्त काळजी तुम्ही पाठवता त्या शब्दांची घ्या. माझ्यापाशी एका शब्दाचे सात अर्थ आहेत आणि सातही खरे आहेत. तुम्हाला कोणता म्हणायचा आहे, ते मला कधीच कळणार नाही, आणि लांब कुणाच्या तरी घरी, फोन हातात धरून बसलेल्या माणसालाही कळणार नाही. म्हणून निघताना सांगून निघा, आणि निरोप धाडताना त्यात एक ओळ जास्त घाला. त्या सुपरवायझरनं ‘चालत गेला’ एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

कुमारचा निरोप आता रोज येतो. “पोचलो. जेवलो. पट्टा बांधला. शनिवारी येतो.” समृद्धी वाचून दाखवते. सखूबाई ऐकतात आणि म्हणतात, “आणखी एकदा वाच.”